मावशीचं वय आणि डोक्याचा फोटो

आमच्या मावशीचं वय किती हे वाडीत कुणी विचारत नसे, कारण उत्तर दरवर्षी बदलायचं. ती सुईण होती. बाजारकुणंगच्या पलीकडे जोयड्याच्या जंगलात आमची वाडी, आणि त्या पट्ट्यातल्या बायकांची पक्की समजूत अशी की सुईण जितकी जुनी तितका तिचा हात हलका. तरण्या सुईणीला कोण बोलावणार? म्हणून मावशी दर शिमग्याला आपल्या वयात दोन-तीन वर्षं घालायची. कमी पडतील ती मी घालायचो. केस तिचे तिशीतच पांढरे झाले होते, त्यामुळे काम सोपं होतं.

घालताना मी हात आखडला नाही. काळी नदी जन्मली तेव्हा सुईण म्हणून मावशीच हजर होती, असं मी गणेशगुडीच्या चहाच्या टपरीवर छातीठोक सांगितलंय. एकदा अंगणात गवा शिरला, मावशीनं त्याच्यापुढं आमटीचा डाव नाचवला, आणि तो गवा मान खाली घालून उलट्या पावलांनी जंगलात गेला, जाताना फाटकही लावून गेला, हेही मीच सांगितलं. ऐकणारे हसायचे, पण पोटुशी बायको घरात असली की बोलावणं मावशीलाच यायचं. मावशीला हे सगळं ठाऊक होतं. ती फक्त म्हणायची, "फाटक न्हाई आपल्याला. तेवढं सोडून सांग."

आई माझी लहानपणीच गेली. मला वाढवलं ते मावशीनं. ती विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि आज्जी, मामा, मावशी आणि मी अशी आमची चार माणसं. ही गोष्ट सांगतोय ती नव्वद सालानंतरची, सुगीच्या दिवसांतली. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, अंगानं रेड्यासारखा आणि तोंडानं त्याहून मोठा.

भाताची कापणी चालली होती. सकाळची न्याहारी नुकतीच झालेली. मावशीच्या हातातला विळा पडला. तिनं उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा ती उचलायला वाकली ती तिथंच बसली. मी जवळ गेलो तर तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात ओल्या पोत्यासारखा, आणि जी बाई आठ तास न थांबता बोलायची तिच्या घशातून नुसतं "अं, अं" येत होतं.

मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, धावत आला. त्यानं एकदा बघितलं आणि निकाल देऊन टाकला. अंगावरनं वारं गेलंय. घरात न्या, दार लावा.

हे दार लावणं म्हणजे आमच्याकडची रीत. वारं गेलेल्या माणसाला वाऱ्यात काढायचं नाही. तीन दिवस कोंडलेल्या खोलीत ठेवायचं, फटींना चिंध्या लावायच्या, कबुतराचं रक्त चोळायचं, आणि चौथ्या दिवशी दार उघडून बघायचं काय उरलंय ते. आमच्या भागातनं शहरात लकव्याचा पेशंट गेलाच तर चौथ्या-पाचव्या दिवशी जायचा तो यामुळं. रस्ता नव्हता, गाडी नव्हती हे खरं. पण दारही होतं.

मी अडून बसलो. मामा म्हणाला, वाऱ्यात काढलीस तर वाटेतच जाईल, पाप तुझ्या डोक्यावर. मी म्हणालो, वारं लागणारच नाही अशी नेतो. मग मी तिला तीन घोंगड्यांत अशी गुंडाळली की वारं सोडा, मुंगीला आत शिरायला परवाना काढावा लागला असता. बांबूला झोळी बांधली, चार गडी घेतले, आणि निघालो. आज्जी मागनं चालत आलीच. तिला नको म्हटलं तर तिनं काठी माझ्या नडगीवर हाणली. "माझं पोर हाय ते," एवढंच म्हणाली.

डांबरी रस्त्यापर्यंत दोन कोस. मी सांगताना नेहमी सात सांगतो, पण या गोष्टीत मी शक्यतो खरं सांगायचं ठरवलंय. रस्त्यावर लाकडाचा ट्रक मिळाला. ड्रायव्हर जागा नाही म्हणत होता. मी त्याला सांगितलं की ही बाई जगली तर तुझ्या घरची पुढची सात बाळंतपणं फुकट. त्याला मुलगेच मुलगे, सुना येणार होत्या, त्यानं केबिन रिकामी केली.

रामनगरच्या डॉक्टरांनी मावशीला ट्रकमध्येच तपासलं. शांत माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी आजही शब्द न वाढवता सांगू शकतो. लकवा दोन जातींचा असतो. एकात डोक्यातली शीर तुंबते, दुसऱ्यात ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, मोठमोठे डॉक्टरही नुसतं बघून फसतात. तुंबली असेल तर रक्त पातळ करायची गोळी देतात. फुटली असेल आणि तीच गोळी दिली, तर आत आणखी रक्त सांडतं.

"बेळगावात डोक्याचा फोटो काढायचं मशीन हाय, स्कॅनिंग म्हणतात," ते म्हणाले. "फोटो काढल्याशिवाय ती गोळी पोटात जाऊ द्यायची न्हाई. काय वाट्टेल ते करा."

चिठ्ठी लिहून दिली. मी ती खिशात न ठेवता मुठीत धरली. लोंढा, खानापूर, बेळगाव, मूठ उघडली नाही. कागद घामानं भिजून लगदा झाला आणि अक्षरं माझ्या तळव्यावर उमटली, ती नंतर उलटी वाचावी लागली असती.

हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. मोठं होतं. दुपार कलली होती. खिडकीत बसलेला कारकून कानडीत म्हणाला, "वयस्सु एष्टु?"

आता इथं माझी चूक. कुणीही विचारलं, मावशीचं वय किती, की माझ्या तोंडाला जी सवय होती तीच आली. वर मला वाटलं, शहरातला माणूस आहे, वयाला मान देईल, म्हाताऱ्या बाईचं आधी बघतील. मी ऐटीत म्हणालो, "शंभर."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. तीन आकडे रकान्यात मावत नाहीत म्हणाला. मग आमची घासाघीस सुरू झाली. तो ऐंशीवर होता, मी नव्वदीवर. पंच्याऐंशीला सौदा पटला. मी मनात खूश, पाच वर्षं वर मिळवली म्हणून. गावाच्या रकान्यात त्यानं जोयडा लिहिलं आणि कागद आत ढकलला.

बायकांच्या वॉर्डात मावशीला कॉट मिळाली. दारापलीकडं पुरुषांचा वॉर्ड, आणि दाराजवळच्याच कॉटवर शहरातला एक तंबाखूचा व्यापारी. पासष्टीचा असेल. हात सुन्न झाला म्हणून दुपारीच आला होता. त्याला स्कॅनिंगला नेऊन परतसुद्धा आणलं होतं, काळी फिल्म उशाशी ठेवून तो मुलाला तंबाखूचे भाव सांगत होता. मी म्हटलं, चला, काम इथं झटपट होतं, आता आपला नंबर.

मोठे डॉक्टर संध्याकाळी राउंडला आले. कागद बघितला. बरोबर एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच शिकून आलेली, तिला इंग्रजीत काही सांगितलं आणि पुढं गेले. मी मागं लागलो, फोटो कधी काढणार? ते थांबले, चांगले बोलले, रागावले वगैरे नाहीत. म्हणाले की पंच्याऐंशी वय आहे, या वयात बहुतेक शीर तुंबलेलीच असते, फोटो काढून त्यात नवीन काय दिसणार? मशीन दुसऱ्या गल्लीत, इकडून तिकडं हलवून म्हातारीचे हाल कशाला? तुम्ही जंगलातली माणसं येता तेव्हा तीन-चार दिवस झालेलेच असतात, वेळ गेलेली असते. गोळी सुरू करतो, चार दिवसांनी घरी न्या, सेवा करा.

मी म्हणालो, सकाळी झालंय साहेब, आज सकाळी. ते म्हणाले, सगळे असंच सांगतात. हे त्यांचं खरं होतं. आमच्यातले सगळे असंच सांगायचे.

चिठ्ठी दाखवायला मूठ उघडली तर लगदा. त्यांनी माझ्या तळहाताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गेले.

मी कॉटजवळ आलो. वॉर्डातली आया, खानापुराकडची, फरशी पुसत होती. तिला विचारलं, पलीकडच्या शेटचा फोटो कसा निघाला? तिनं फडकं पिळलं. म्हणाली, शेटच्या पोरानं मागितला. मग सांगायला लागली की तुमच्याकडची माणसं कॉट दिली की तिथंच बसतात, म्हातारी बाई असली तर घरचेच म्हणतात झालं तिचं, आता कशाला टोचाटोची. डॉक्टर तरी किती वेळा विचारणार. आणि वर तुझ्या मावशीचं वय. "पंच्याऐंशी लिवलंयस तू," ती म्हणाली. "त्या वयाच्या बाईला कोण हलवतंय?"

माझ्या पायाखालची फरशी हलली असं मी म्हणणार नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी मारलेली थाप मला दुसऱ्याच्या अंगावर पडताना दिसली.

इतक्यात नर्स छोट्या वाटीत गोळी घेऊन आली. मी म्हणालो, गिळता येत नाही तिला, पेजेत कुस्करून मी देतो. नर्सला आणखी वीस कॉट होत्या. ती वाटी ठेवून गेली. मी पाठ फिरवली आणि गोळी स्वतः गिळून टाकली. तिथं ठेवली असती तर कुणीतरी दिली असती, फेकली असती तर आयाला केरात सापडली असती. माझं पोट ही एकच जागा मला खात्रीची वाटली. सकाळची गोळीही तिथंच गेली.

सकाळी मी तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं. हात जोडून सांगितलं की वय चुकीचं आहे, मावशी पंचावन्नची आहे. नर्स शेजारीच होती. ती म्हणाली, "काल पंच्याऐंशी, आज पंचावन्न. उद्या शाळेत घालायला नेणार काय गा?"

वॉर्ड हसला. मी सुद्धा हसलो असतो, गोष्ट दुसऱ्याची असती तर. मी खरं सांगत होतो आणि माझं खरं मला स्वतःलाच थापेसारखं ऐकू येत होतं. हिशेब मांडला. मी मावशीच्या हातावर आलेलं पहिलं पोर, तेव्हा ती वीस-एकविसाची. माझा शाळेचा दाखला आहे. डॉक्टरीणबाईंनी जन्मतारीख विचारली. एक जून. त्यांनी नर्सकडं बघितलं. जोयड्याहून येणारा प्रत्येक माणूस एक जूनला जन्मलेला असतो हे त्यांनाही माहीत झालेलं दिसत होतं. आमच्या मास्तरांनी अख्ख्या पिढीला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

"रेशन कार्ड?" त्यांनी विचारलं.

रेशन कार्डावर मावशी ब्याण्णवची होती. ते मी मुकाट गिळलं, गोळ्यांसारखंच.

डॉक्टरीणबाई निघाल्या. मी आडवा आलो. म्हणालो, बाई, एक साक्षीदार आहे, जिना उतरून खाली चला, पाच मिनिटं. मी त्यांना हात लावला नाही, पण जिन्याशिवाय दुसरीकडं जायला वाट राहणार नाही असा उभा राहिलो. माझ्या अंगाचा आयुष्यात झालेला तो सर्वांत मोठा उपयोग.

खाली व्हरांड्यात आज्जी बसली होती. एका पेशंटजवळ एकच माणूस असा तिथला नियम, म्हणून ती कालपासून तिथंच, पाय पसरून सुपारी कातरत. पाठ ताठ, डोळे घारीसारखे. जंगलातनं दोन कोस चालून आलेली बाई आहे हे तिच्याकडं बघून कुणाला वाटलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं, "आजी, वरती कॉटवर आहे ती तुमची कोण?"

"धाकटी लेक," आज्जी म्हणाली. "कशी हाय ती? फोटो काढला?"

डॉक्टरीणबाईंनी आज्जीला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिच्याजवळ पायरीवर बसल्या आणि एकेक विचारू लागल्या. लग्न कधी झालं, पहिलं पोर कितव्या वर्षी, ही धाकटी त्यानंतर किती वर्षांनी. आज्जीनं सगळं बोटांवर सांगितलं. तिला थापा मारता येत नाहीत, ते आमच्या घराण्यात माझ्यापासून सुरू झालं. शेवटी त्यांनी आज्जीला तिचं स्वतःचं वय विचारलं. आज्जी म्हणाली पंचाहत्तर, एखादं इकडं-तिकडं.

डॉक्टरीणबाई उठल्या. मला म्हणाल्या, आई पंचाहत्तरची आणि मुलगी पंच्याऐंशीची, असा पेशंट आमच्या पुस्तकात नाही. हसत होत्या, पण जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढल्या. मोठ्या डॉक्टरांशी दाराआड काय बोलल्या ते मला कळलं नाही. बराच वेळ लागला. आवाज एकदा चढला तो बाईंचाच. बाहेर आल्या तेव्हा कागदावर पंच्याऐंशी खोडून पंचावन्न लिहिलेलं होतं आणि कधी झालं त्या रकान्यात काल सकाळ.

दुसऱ्या गल्लीत रिक्षानं नेलं. मशीन म्हणजे उभं केलेलं प्रचंड जातं, मधल्या भोकात माणसाला सरकवतात. मावशीचा डावा हात चालत होता. सरकवणाऱ्या पोऱ्याचं मनगट तिनं पकडलं ते सोडेना. मला वाटलं घाबरली. नंतर दिसलं, तिची बोटं त्याच्या नाडीवर होती. घाबरलेला तोच होता.

फिल्म ओली असतानाच डॉक्टरीणबाईंनी उजेडापुढं धरली. डाव्या बाजूला, लिंबाच्या बी एवढा पांढरा ठिपका. मी आयुष्यभर सगळ्या गोष्टी मोठ्या करून सांगितल्या, हा ठिपका मात्र लिंबाच्या बी एवढाच होता.

"रक्त आहे हे," त्या म्हणाल्या. "शीर फुटलीय." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "दोन डोस गेलेत गोळीचे."

"गेलेत," मी म्हणालो. "पण माझ्या पोटात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आधी झापलं, चांगलं खरपूस, पेशंटचं औषध लपवणं हा काय प्रकार म्हणून. शीर तुंबलेली निघाली असती तर, असं विचारलं. तुंबलेली असती तर मी मावशीच्या तोंडचं औषध चोरलं असतं. मोठे डॉक्टर अंदाजानं देत होते, मी अंदाजानं गिळत होतो. फरक एवढाच की मला रामनगरच्या माणसानं सांगितलं होतं की अंदाज लावू नका. मला झापून झाल्यावर त्या स्वतः जाऊन गोळीच्या नावावर रेघ मारून आल्या. दुसरं औषध सुरू झालं, रक्तदाब उतरवायचं.

माझं स्वतःचं रक्त पुढं दोन दिवस इतकं पातळ झालं होतं की बोलताना गालातनं उजेड आरपार जायचा. हे खोटं आहे, पण इतकं खरं सांगितल्यावर मला एवढी सूट असावी.

सतरा दिवस आम्ही तिथं होतो. मोठे डॉक्टर एकदा येऊन फिल्म बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर राउंडला नवीन पेशंट दिसला की ते नातेवाइकाला आधी विचारायचे, वय कुणी सांगितलं? ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

मावशीची जीभ नवव्या दिवशी सुटायला लागली. डॉक्टरीणबाई तिच्याकडून शब्द म्हणून घ्यायच्या. नीट असं पहिलं वाक्य ती बोलली ते कॉटला लटकवलेल्या कागदाकडं बोट दाखवून. तिला वाचता येत नव्हतं, आयानं वाचून दाखवलं होतं.

"पंचावन्न," ती एकेक अक्षर ओढत म्हणाली. "आता कोण बोलावंल मला?"

घरी आल्यावर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. पाय काठीवर चालू लागला, उजवा हात मात्र कायमचा मंद राहिला. गावभर बातमी झाली की शंभरीची सुईण खरी पंचावन्नची. आणि झालं असं की तिला बोलावणं थांबलं नाही. ती कोपऱ्यात पाटावर बसायची आणि घरातल्या सुनेला, जावेला, कुणालाही, डाव्या हातानं दाखवून करवून घ्यायची. चार-पाच बाया तिच्याकडून तयार झाल्या त्या अशा.

माझं काम वेगळंच सुरू झालं. शाळेच्या मास्तरांना धरलं, दर रविवारी एकेक वाडी. म्हाताऱ्या माणसांना बसवायचं, लग्न कधी, पहिलं पोर कधी, तुझी आई जिवंत आहे का, असं विचारत खरं वय काढायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. पुरुष पटकन यायचे. बायका म्हणायच्या, आमचं कशाला लिहिता, आम्हाला कोण कुठं नेणार हाय. मी म्हणायचो, मी नेणार हाय. या बाबतीत मी थाप मारत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. अणशीकडची एक बाई तर कागद घ्यायला तीन आठवडे तयार नव्हती. चौथ्या रविवारी मी तिच्या उंबऱ्यावर जेवायला बसलो आणि वय कळल्याशिवाय उठणार नाही म्हणालो. मी किती जेवतो हे बघून तिनं लगेच सांगितलं.

पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या भागातनं तीन जणांना लकवा झाला म्हणून बेळगावला नेलं, त्याच दिवशी नेलं, आणि तिघांचेही फोटो निघाले. त्यात दोन बायका होत्या. दोघींसाठी खिडकीवर मी स्वतः उभा होतो, आणि फोटो मी मागितला.